महेश्वरचा राजवाडा : वास्तू आणि वाचा

पाण्याच्या काठी राजवाडा बांधण्याची हौस सर्व देशांतील राज्यकर्त्यांना होती. परंतु राजवाड्यांचे सिंहासन गेले आणि त्यांची वस्तुसंग्रहालये झाली, म्हणजे प्रेक्षकाला त्यातून नेमके काय मिळते, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे. आपल्याच मध्य प्रदेशात, इंदूरपासून सुमारे 90 किलोमीटरवर, नर्मदेच्या उत्तर तीरावर महेश्वर येथे असा एक राजवाडा उभा आहे. वैनगंगेच्या परिसरातील आपणा मराठी वाचकांना तो दोन नात्यांनी जवळचा आहे. तो आपल्या प्रांतातला आहे आणि त्याचा कारभार मराठीतून चालला होता.

प्रथम या वास्तूचा काळ पाहू. खंडेराव होळकर 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. 1766 मध्ये सुभेदार मल्हारराव आणि 1767 मध्ये मालेराव निवर्तले. त्यानंतर दौलतीची सूत्रे अहिल्याबाईंच्या हाती आली. सैन्याची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे देऊन त्यांनी आपले ठाणे महेश्वरी केले. 13 ऑगस्ट 1795 रोजी त्यांचे देहावसान होईपर्यंत माळव्याचा मुलकी कारभार येथून चालला. पुढे 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला गेली आणि महेश्वर मागे पडले.

किल्ल्याच्या आतील हा वाडा पाहताना प्रथमदर्शनी काहीसा विरसच होतो. राजवाडा म्हणून मनात जे चित्र असते, त्यातले येथे फारसे काही नाही. मधोमध चौक, भोवती लाकडी खांबांच्या पडव्या, उतरती छपरे, असे त्याचे रूप आहे. पुणे-सातारा भागातील एखाद्या सरदाराचा वाडा उचलून आणून ठेवावा, तसे ते दिसते. अहिल्याबाईंची बैठक, पालखी, जुनी शस्त्रे आणि देवघर एवढाच पाहण्याचा ऐवज आहे. मातीची लहान लहान शिवलिंगे करून, पूजेनंतर नर्मदेत विसर्जित करण्याचा त्यांचा नेम मात्र तेथे अजून पाळला जातो. वाड्याच्या मानाने किल्ल्याखालचा घाट भव्य आहे. राणीने स्वतःसाठी थोडे आणि नदीवर येणाऱ्या लोकांसाठी पुष्कळ बांधले, हे पायऱ्या उतरताना आपोआप ध्यानात येते.

या साधेपणामागे एक हिशेब होता. होळकरांच्या घरात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ अशी दोन खाती निराळी असत. खासगी जहागीर 1734 मध्ये पेशव्यांकडून गौतमाबाईंच्या नावे मिळाली व पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. फौजेचा खर्च दौलतीचा. आणि काशी-विश्वनाथाचे 1780 मधील मंदिर, तसेच गया, सोमनाथ येथील मंदिरे, देशभरचे घाट, धर्मशाळा, विहिरी हा दानधर्म मुख्यतः खासगीतून झाला. तुकोजींच्या मोहिमांसाठी पैशाची मागणी होई आणि त्यावरून ओढाताण चाले, तीही याच दोन खात्यांच्या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते.

तुलनेसाठी इस्तंबूल शहरात बॉस्फरसच्या सामुद्रधुनीकाठी असलेला डोल्माबाहचे राजवाडा घेऊ. या नावाचा अर्थ ‘भराव घालून केलेली बाग’ असा आहे. उस्मानी सुलतान अब्दुलमजीद पहिला याने तो 1843 ते 1856 या काळात बांधविला. त्यात 285 दालने आहेत, सोनेरी मुलाम्यासाठी सुमारे 14 टन सोने लागले, आणि दरबार दालनातील झुंबर साडेचार टनांचे आहे. त्याच काळात, 1854 साली, क्रिमियाच्या युद्धापायी उस्मानी साम्राज्याने पहिले परदेशी कर्ज काढले आणि 1875 मध्ये त्याचे दिवाळे वाजले. एवढ्यामुळे साम्राज्य बुडाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण ज्या सरकारी हिशेबातून हे वैभव उभे राहिले, तो महेश्वरच्या हिशेबाहून फार वेगळा होता, हे निश्चित. 1984 पासून तो संग्रहालय म्हणून लोकांना खुला आहे.

या तुर्की राजवाड्याची आणखी एक कथा आपल्याला अंतर्मुख करणारी आहे. ऑगस्ट 1928 मध्ये कमाल अतातुर्क यांनी याच वास्तूत अधिकारी व लोकप्रतिनिधींसाठी नव्या रोमन लिपीचे पाठ घडवून आणले. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात कायदा झाला आणि अरबी लिपी व्यवहारातून गेली. साक्षरतेला त्याचा लाभ झाला, यात शंका नाही. परंतु पुढच्या पिढ्यांना आपल्याच पणजोबांची पत्रे वाचता येईनाशी झाली. झुंबर सर्वांना दिसते. दप्तर मात्र थोड्या अभ्यासकांपुरते उरले.

आपली अवस्था निराळी आहे काय? महेश्वरच्या दरबारातील व्यवहार मोडी लिपीत झाला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतून मोडी गेली आणि आज ती वाचू शकणारे विरळा आहेत. तरीही अहिल्याबाईंचा कारभार आपल्याला कळतो, तो काही अंशी सर जॉन माल्कम यांच्यामुळे. अहिल्याबाईंना पाहिलेल्या माणसांकडून ऐकलेली त्यांची दिनचर्या माल्कम यांनी 1823 च्या आपल्या ग्रंथात नोंदविली. पहाटेपूर्वी उठणे, पूजा व पुराणश्रवण, दुपारी पडद्याविना दरबार, आणि रात्री नऊनंतर पुन्हा काम, असा तो क्रम होता. पण मराठीतील मोलाचे साधन म्हणजे पेशव्यांच्या वकिलांनी महेश्वरहून पुण्यास धाडलेली पत्रे होत. द. ब. पारसनीसांनी ती ‘महेश्वर दरबारची बातमीपत्रे’ म्हणून बाळबोधीत छापली. वा. वा. ठाकूर यांनी ‘होळकरशाहीच्या इतिहासाची साधने’ संपादित केली. बैठकीवरची गादी मूक आहे. तेथे कोण आले, काय बोलले, कोणत्या गोष्टीवरून वाद झाला, हे या पानांतून समजते. वास्तू महेश्वरी राहिली आणि तिची वाचा ग्रंथालयांच्या कपाटांत राहिली.

आपल्या वाचनालयाच्या शताब्दीत हा विषय मांडण्याचे कारण हेच आहे. बालाघाटचा हा मुलूख 1853 पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी आणि शाळेत हिंदी, अशी दुहेरी वाट आपल्या मुलांनी धरली. तिच्याबद्दल तक्रार नाही. हिंदीने आपल्याला पुष्कळ दिले आहे. परंतु मराठी वाचणारा येथे उरला नाही, तर बातमीपत्रांची छापील बाळबोध पानेही आपल्याला मोडीइतकीच परकी होतील. लिपी तीच असूनही भाषा हरवेल.

म्हणून सभासदांना दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. कोणाच्या घरी जुन्या पेटीत मोडी कागद असतील, तर ते रद्दीत जाऊ देऊ नयेत, वाचनालयाला दाखवावेत. आणि महेश्वरला जाण्याचा योग येईल तेव्हा, निघण्यापूर्वी त्या दरबारची चार पत्रे वाचून जावे. मग त्या साध्या पडवीत उभे राहिल्यावर पाहायला फार थोडे आहे, असे वाटणार नाही.