उघडा हौदा आणि त्यावरील टप

मोटारींच्या जातींपैकीं ‘पिकअप’ ही जात आपल्या शहरी कुटुंबांस नांवानें नसली तरी दर्शनानें परिचित आहे. पुढें दोघां-तिघांस बसण्याची खोली, मागें उघडा हौदा, आणि हौद्याच्या शेवटीं खालीं पाडतां येणारा फाळका. सकाळची भाजी, दुधाचे कॅन, मांडवाचे बांबू हें सारें हिच्या पाठीवरून आपल्या दारापर्यंत येतें. हा हौदा उघडा ठेवावा, कीं त्यावर सपाट झांकण घालावें, कीं उभा टप बसवावा, असा प्रश्न गाडी घेणारापुढें दुकानदार टाकतो, आणि बहुधा तो दहा मिनिटांत निकालांत निघतो. परंतु या प्रश्नाच्या मागें सुमारें तीनशें वर्षांचा इतिहास उभा आहे. त्यांतील एक प्रकरण तर असें आहे कीं, तें ठाऊक नसलेल्या मनुष्यानें टप विकत घेऊंच नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

या टपाचा पूर्वज पाहावयाचा तर अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत जावें लागतें. तेथील लँकेस्टर परगण्यांत, कोनेस्टोगा नदीच्या आसपास, जर्मन वसाहतवाल्यांच्या सुतार-लोहारांनीं अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत एक मालवाहू गाडी घडविली, व तिला त्या नदीचेंच नांव पडलें. तिचा तळ मध्यें खोल व दोन्ही टोकांस वर उचललेला, नावेसारखा असे. डोंगर चढतां-उतरतां आंतील पिंपें घसरून फाळक्यावर आदळूं नयेत, ही त्यांतील योजना. वर लांकडाच्या कमानी, आणि कमानींवर वाखाचें पांढरें जाड कापड ताणलेलें. तें पुढें व मागें हौद्याच्या बाहेर झुकलेलें असे; त्यामुळें तिरपा पाऊसहि सहसा आंत शिरत नसे. कापडास जवसाचें तेल पाजलें म्हणजे पाणी त्यावरून निथळून जाई. चार ते सहा घोडे जुंपून ही गाडी पीठ, लोखंड व इतर माल घेऊन फिलाडेल्फियाच्या बाजाराकडे जात असे.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. गाडीवानाचें आसन टपाखालीं नव्हतेंच. तो गाडीच्या डाव्या बाजूनें पायीं चाले, किंवा मागील जोडींतील डाव्या घोड्यावर बसे, आणि अगदींच थकला तर गाडीच्या अंगांतून बाहेर ओढून काढलेल्या एका फळीवर टेके. टप होता तो पिठासाठीं. गाडीवान पावसांत भिजत असे. पुढें १८४० नंतर ओरेगॉनच्या वाटेनें सुमारें दोन हजार मैलांचा प्रवास करणाऱ्या कुटुंबांच्या गाड्या आकारानें लहान होत्या, पण रीत तीच होती. आंत धान्य, अवजारें, अंथरुणें. धडधाकट माणसें बहुतेक वाट पायींच तुडवीत, आणि आजारी माणूस किंवा अगदीं लहान मूल असेल तेवढेंच टपाखालीं निजे. सगळें कुटुंब गाडींत आरामांत बसून चाललें आहे, हें चित्र सिनेमाचें आहे. इतिहास शिकवितांना या सिनेमांनीं मला फार छळलें.

गाड्या करणाऱ्यांपैकीं स्टुडबेकर बंधूंनीं १८५२ सालीं इंडियाना प्रांतांतील साउथ बेंड गांवीं दुकान घातलें. घोड्यांच्या गाड्यांवर पैसा व नांव मिळवून ते पुढें मोटारींत शिरले, आणि त्यांच्या मोटारी १९६६ पर्यंत निघत होत्या. एकाच घराण्याच्या नांवाखालीं घोड्याची गाडी आणि मोटार यांचा सांधा असा जुळलेला क्वचितच दिसतो.

पेट्रोलवर चालणारी गाडी आली आणि जुना हिशेब उलटा झाला. फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ सालीं निघाली. शेतकऱ्यांनीं तिच्या मागील भागीं स्वतःच पेट्या ठोकून माल नेण्यास आरंभ केला. कारखान्यानें ही गरज ओळखली, व १५ एप्रिल १९२५ रोजीं हौदा जोडलेली मॉडेल टी २८१ डॉलर किंमतीस बाजारांत आली. हौद्याची लांबी ५६ इंच, खोली १३ इंच. फाळका हवा तेव्हां पाडतां येई. इंजिन २० अश्वशक्तीचें. पहिल्या वर्षांत अशा सुमारें ३४,००० गाड्या निघाल्या. या गाडींत चालकाच्या डोक्यावर दुमडतें कापडी छत होतें, आणि मालाच्या डोक्यावर आकाश! कोनेस्टोगाच्या वेळीं माल कोरडा राही व माणूस भिजे. आतां माणूस कोरडा राहूं लागला व माल भिजूं लागला.

तरीहि तो उघडेपणा हा त्या गाडीचा दोष नव्हता. तोच तिचा जीव होता. उघड्या हौद्यांत गवताची गंज रचतां येते, वासरूं उभें राहूं शकतें, शिडी आडवी टाकतां येते. एकदां झांकण बसविलें कीं या मोकळीकीचा कांहीं भाग आपण देऊन टाकतों. तो किती द्यावयाचा, हाच खरोखर निवडीचा प्रश्न आहे.

हा प्रश्न अमेरिकेपेक्षां ऑस्ट्रेलियांत अधिक रंगला. तेथील व्हिक्टोरिया प्रांतांतील एका शेतकऱ्याच्या पत्नीनें १९३२ च्या सुमारास फोर्ड कंपनीस पत्र लिहिलें, असें सांगतात. रविवारीं देवळांत जातांना कपडे भिजणार नाहींत आणि सोमवारीं डुकरें बाजारांत नेतां येतील, अशी एकच गाडी आम्हांस द्या, एवढीच त्या बाईंची मागणी होती. जिलाँग येथील कारखान्यांत लू बँट नांवाच्या तरुण आराखडेकारानें तशी गाडी आंखली, व ती १९३४ सालीं रस्त्यावर आली. ऑस्ट्रेलियन लोक तिला लाडानें ‘यूट’ म्हणतात. पुढील भाग बंद मोटारीसारखा, मागील हौदा त्याच अंगाचा. आणि हौद्यावर चारी बाजूंनीं आंकड्यांस अडकविलेलें कापड, हें तेथील नित्याचें दृश्य झालें. 

या सपाट आच्छादनास ‘टोनो’ म्हणतात. मूळ शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ पिंप. आरंभींच्या मोटारींत मागील बैठकीचा भाग पिंपासारखा गोल असे, म्हणून त्यास हें नांव मिळालें. त्या बैठकीवर कोणी नसेल तेव्हां धूळ बसूं नये म्हणून जें कापड ताणीत, त्यास तेंच नांव लागलें. आणि पुढें बैठक गेली, पिंपाचा आकार गेला, तरी नांव मात्र हौद्याच्या कापडावर येऊन बसलें.

आजच्या झांकणांच्या तऱ्हा या इतिहासांतूनच उतरल्या आहेत. मऊ कापडी किंवा रेक्झिनसारखें झांकण स्वस्त, हलकें, क्षणांत गुंडाळतां येणारें. पण चोरास एक चाकू पुरतो. अॅल्युमिनियमचें किंवा काचतंतूंचें कडक झांकण कुलपाच्या उपयोगाचें, परंतु अखंड असेल तर त्याखालीं कपाट उभें नेण्याची आशा सोडावी. दुकानाच्या शटरप्रमाणें गुंडाळणारें झांकण सोयीचें खरें, मात्र त्याची पेटी हौद्याची पुढची जागा खाते. पाण्याविषयीं विक्रेते फार बोलतात. माझ्या समजुतीप्रमाणें धुवांधार पावसांत थेंबहि आंत येऊं न देणारें झांकण दुर्मिळ. चांगल्या झांकणास कडेनें पन्हळी व पाणी काढून देणाऱ्या नळ्या असतात, त्या आहेत कीं नाहींत तें पाहावें. सपाट झांकणानें पेट्रोल थोडें वांचतें, हेंहि खरें आहे. पण कित्येक चालक पेट्रोल वांचावें म्हणून फाळका पाडून गाडी हांकतात, तें व्यर्थ होय. फाळका बंद असतां हौद्यांत हवेचा एक भोंवरा फिरत राहतो, व वरचा वारा त्या भोंवऱ्यावरून सरकून जातो. फाळका पाडला कीं ती व्यवस्थाच मोडते.

उभ्या टपाची गोष्ट निराळी. तो जड असतो; त्याचें जितकें वजन तितका माल कमी. तो काढून ठेवावयास दोन-चार माणसें लागतात, म्हणून बहुधा तो एकदां बसला कीं बसला. त्यानें गाडीचा भार उंचावर जातो आणि वळणावर तिचा तोल पूर्वीसारखा राहात नाहीं. असें असून लोक तो घेतात, कारण त्याखालीं खोली तयार होते; आणि खोली दिसली कीं मनुष्यास तींत शिरावेंसें वाटतें.

अमेरिकेंत दुसऱ्या महायुद्धानंतर हें शिरणें रूढ झालें. पिकअपच्या हौद्यांत बिछाना, चूल व टेबल असलेली पेटी बसवून लोक देशभर हिंडूं लागले. प्रसिद्ध कादंबरीकार जॉन स्टाइनबेक हा १९६० सालीं अशाच गाडींतून आपल्या कुत्र्यास घेऊन अमेरिका पाहावयास निघाला. डॉन किहोटेच्या घोड्याचें ‘रोसिनांते’ हें नांव त्यानें गाडीस दिलें होतें. मात्र तो मागील खोलींत राही तो गाडी थांबल्यावर. गाडी चालतांना तो पुढें चाकापाशींच असे. जें हौद्यासाठीं तें माल, जें माणसासाठीं तें पुढें, हा कोनेस्टोगाच्या गाडीवानाचा नियम येथवर टिकला होता.

तो मोडला म्हणजे काय होतें, हें सिअॅटलच्या डॉक्टरांनीं १९९२ सालीं अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पत्रिकेंत प्रसिद्ध केलें. जुलै १९८६ ते जुलै १९९१ या पांच वर्षांत कार्बन मोनॉक्साइड या वायूची बाधा झालेलीं ६८ मुलें त्यांच्याकडे उपचारास आलीं होतीं. त्यांपैकीं २० मुलांस ही बाधा पिकअपच्या मागील हौद्यांत बसून प्रवास करतांना झाली होती. १७ मुलें कडक बंद टपाखालीं होतीं व ३ ताडपत्रीखालीं. वीसांतील पंधरा बेशुद्ध पडलीं, एक दगावलें, एकाच्या मेंदूस कायमची इजा झाली. प्रत्येक गाडीची धूर सोडणारी नळी एक तर गळकी होती, नाहीं तर बाजूस न वळतां मागील बाजूस उघडत होती.

या घटनेचें कारण समजून घेण्यास मोठें शास्त्र लागत नाहीं. उंच पेटीसारखी गाडी वेगानें पुढें गेली कीं तिच्या पाठीशीं हवा विरळ होते, आणि ती पोकळी भरण्यास आसपासची हवा तेथें ओढली जाते. नळीचा धूर तेथेंच असतो. तो फाळक्याच्या व टपाच्या फटींतून आंत शिरतो, आणि टप बंद असल्यामुळें बाहेर निघत नाहीं. या वायूस रंग नाहीं, वास नाहीं. मुलें पेंगुळलीं तर पुढें बसलेल्या आईबापांस वाटतें, प्रवासानें झोंप लागली असेल. उघड्या हौद्यांतून मूल पडण्याचें भय असतें, म्हणून टप आणला जातो. आणि सुरक्षित वाटणारी तीच जागा अधिक फसवी ठरते. 

आपल्याकडे ही गोष्ट दूरची मानण्याचें कारण नाहीं. पुण्याच्या टाटा कारखान्याची ‘टाटामोबाईल’ १९८८ सालीं निघाली, आणि २००५ सालीं ‘टाटा एस’ आली, जिला लोकांनीं ‘छोटा हत्ती’ करून टाकलें. या व अशा गाड्यांच्या हौद्यावर आपल्याकडे बहुधा लोखंडी कमानी व ताडपत्री असते. मालाच्या दृष्टीनें ती निवड शहाणपणाची आहे. कांद्याच्या गोणी उंच रचल्या तरी ताडपत्री त्यांच्याबरोबर उंच होते, जें कोणतेंहि कडक झांकण करूं शकत नाहीं. ताडपत्री या शब्दांत ताडाचें पान दिसतें आणि इंग्रजी ‘टारपॉलिन’हि ऐकूं येतें, डांबर फांसलेल्या शिडाच्या कापडाचें तें नांव. परंतु याच कमानींखालीं वऱ्हाडी मंडळी बसतात, देवदर्शनास निघालेलीं कुटुंबें बसतात, मजूर तर रोजच बसतात. थोडे अपवाद सोडले तर मालवाहू गाडींत प्रवासी नेण्यास कायद्याची मान्यता नाहीं. पोलिसांच्या दंडाचें भय लोकांस आहे. धुराचें भय असलेला मनुष्य मला अद्याप भेटावयाचा आहे.

अलीकडील गाड्यांत यंत्रानें उघडमीट होणारीं झांकणें येऊं लागलीं आहेत. २०२३ च्या अखेरीस ग्राहकांच्या हातीं पडूं लागलेल्या टेस्लाच्या ‘सायबरट्रक’चें झांकण बटण दाबतांच सरकतें, आणि बंद झालें म्हणजे मागच्या कांचेंतून कांहीं दिसत नाहीं, चालकास कॅमेऱ्याच्या पडद्यावर विसंबावें लागतें. हेंहि एक प्रकारचें मोलच झालें.

माझा एक जुना विद्यार्थी शेतमाल शहरांत पोंचविण्याचा धंदा करतो. गतवर्षीं नवी पिकअप घेतांना, खिडक्या असलेला कांचेचा टप घ्यावा असें त्याच्या मनांत होतें. सुट्टींत गांवीं जातांना दोन्ही मुलें व त्यांची आजी मागें गादीवर बसतील, हा हिशेब. मीं त्यास त्या वीस मुलांची हकीकत सांगितली. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें धुराची नळी कोठें उघडते तें वांकून पाहिलें. शेवटीं त्यानें टप घेतला नाहीं. कमानी, ताडपत्री आणि एक गुंडाळतें झांकण घेतलें. आतां सुट्टी लागली कीं आजी, पत्नी व मुलें एस. टी.नें पुढें जातात, आणि हा सामान घेऊन मागाहून निघतो. एस. टी.च्या तिकिटांचा खर्च वाढला, अशी त्याची कुरकुर चालू असते.