बटाट्यातला व्हायरॉइड
१९२०च्या दशकात अमेरिकेत बटाटे चातीसारखे लांबट निघू लागले. सगळे म्हणाले, व्हायरस. १९७१ला डीनर यांनी दाखवलं, हा नुसता आरएनए, वर कवचच नाही. नाव दिलं व्हायरॉइड. १९७८ला वाचला तर फक्त ३५९ अक्षरं!

झाडही गप्प बसत नाही. त्या आरएनएचे २१ ते २४ अक्षरांचे तुकडे करतं. १९९४ला तंबाखूत दिसलं, की त्याच्याशी जुळणाऱ्या डीएनएवर मिथाइलची खूणही पडते. पण २०१२ला पीचमध्ये कळलं, असे तुकडे कधी झाडाच्याच जनुकाला गप्प करतात, अन् पानं पांढरी पडतात.

यावर फवारणी नाही बघा. मी बेणं निरोगीच घेतो, कापताना सुरी ब्लीचच्या पाण्यात बुडवतो.