ट्रॉलीला इंजिन नाही, पण कायद्याच्या लेखी ती गाडीच



गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॉलीचे टायर, हुकाची पिन, फाळके, सगळं आपण तपासतो. कागद मात्र तसेच पेटीत पडून असतात. गेल्या काही दिवसांत चार-पाच जणांना मी सहज विचारलं, "ट्रॉलीचा विमा आहे का?" बहुतेकांचं उत्तर एकच, "ट्रॅक्टरचा आहे की! ट्रॉली त्याच्याच मागं असते." हा समज आला कुठून आणि कायदा काय म्हणतो, हे आज जरा मागं जाऊन बघू.

आपल्या डोक्यात ट्रॉली म्हणजे बैलगाडीची पुढची पिढी. पूर्वी लोखंडी धावेची गाडी होती, मग टायरची गाडी आली, मग ट्रॉली. बैलगाडीला ना नंबर, ना पासिंग, ना विमा. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 चा. त्या काळी ऊस बैलगाडीनंच यायचा. देशी बनावटीचा ट्रॅक्टर 1959 साली फरिदाबादला आयशरनं काढला. 1963 साली मुंबईत महिंद्राच्या भागीदारीतली ट्रॅक्टर कंपनी निघाली. पुढं ट्रॅक्टर गावोगाव पोचला आणि बैलांच्या जागी तो जुंपला गेला. मागची गाडी मोठी झाली, पण आपल्या लेखी ती गाडीच राहिली. सामान ओढायची, बिनकागदाची.

कायद्याची गोष्ट मात्र ट्रॅक्टर गावात यायच्या आधीच सुरू झाली होती. इंग्लंडमध्ये 1930 च्या रस्ते वाहतूक कायद्यानं मोटारमालकाला त्रयस्थ व्यक्तीचा विमा सक्तीचा केला. म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचा जीव गेला किंवा इजा झाली तर त्याच्या भरपाईची सोय. त्याच धर्तीवर आपल्याकडं 1939 चा मोटार वाहन कायदा आला. त्यातलं विम्याच्या सक्तीचं प्रकरण 1 जुलै 1946 पासून लागू झालं. आता नीट बघा, 'मोटार वाहन' म्हणजे काय याच्या व्याख्येतच त्या कायद्यानं ट्रेलर घातला होता. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यापुढं काही उसाची ट्रॉली नसणार, लॉरीमागचा ट्रेलर असणार. पण शब्द ट्रेलर असाच होता, आणि आपली ट्रॉली पुढं त्यातच बसली.

त्याच व्याख्येत एक सवलतही होती. फक्त मालकाच्या स्वतःच्या आवारात वापरायचं वाहन मोटार वाहनात धरायचं नाही. 'शेतातल्या गाडीला कसला विमा' हे आपल्याकडचं बोलणं या सवलतीच्या जवळ जाणारं आहे. पण ट्रॉली शेताच्या बांधावरून डांबरी रस्त्यावर आली की ही सवलत संपत होती. 1956 च्या दुरुस्तीनं तर ती आणखी आवळली, आणि 1 जुलै 1989 पासून लागू झालेल्या 1988 च्या नव्या कायद्यानं तेच कायम ठेवलं. आता कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरता येईल अशा खास बनावटीच्या वाहनालाच सूट आहे. ट्रेलर व्याख्येत कायम राहिला. शिवाय कलम 61 म्हणतं की ट्रेलरची नोंदणी इतर वाहनासारखीच करायची, त्याचा स्वतःचा नंबर त्याच्या बाजूला लिहायचा आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर शेवटच्या ट्रेलरवर दिसला पाहिजे. म्हणजे दोन ट्रॉल्या जोडल्या तर कायद्याच्या हिशेबानं रस्त्यावर तीन वाहनं आहेत.

मग इतकं स्पष्ट असताना ट्रॉल्या विम्याविना का राहिल्या? मला याचं कारण खरेदीच्या पद्धतीत दिसतं. ट्रॅक्टर शोरूममधून येतो, बहुतेक वेळा बँकेच्या कर्जावर. बँक तारण म्हणून विमा मागते, त्यामुळं तो निघतोच. ट्रॉली मात्र तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये चॅनेल-पत्रा जोडून रोखीनं बनते. तिथं कागद मागणारं कुणी नसतं. त्यामुळं एका हुकाला जोडलेल्या दोन गाड्यांपैकी एक कागदावर आली, दुसरी राहिली.

यातली जोखीम कशी वाढत गेली तेही पाहू. 1939 च्या कायद्यात मालवाहू गाडीच्या विमा कंपनीची सक्तीची जबाबदारी 20,000 रुपयांपर्यंत होती. 1970 पासून ती 50,000 झाली, 1982 पासून दीड लाख. 1988 च्या कायद्यानं मृत्यू आणि इजेसाठीची ही मर्यादाच काढून टाकली. न्यायाधिकरण ठरवील ती रक्कम. चांगली कमाई असलेला तरुण माणूस गेला तर आकडा मोठा होतो. विमा असेल तर तो आकडा कंपनीचा, नसेल तर तुमचा-माझा. आणि वसुली? कलम 174 प्रमाणं न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडं दाखला पाठवू शकतं, मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. विमा नसल्याचा दंड पहिल्या वेळी 2,000 रुपये आहे. खरी भीती त्याची नाही. भीती सातबाऱ्याची आहे.

कोर्टातही हा विषय पुन्हा पुन्हा गेला. 2001 साली सर्वोच्च न्यायालयानं शेतकऱ्याला दिलासा दिला. ट्रॅक्टर चालवायचा परवाना असलेल्या चालकानं मागं ट्रेलर जोडला म्हणून त्याचा परवाना निकामी होत नाही, असं ते म्हणालं. 2005 साली कर्नाटकातल्या एका कराच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं सांगितलं की ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून मालवाहू वाहन होतं. 2007 चा निकाल तर आपल्यासाठी धडाच आहे. ट्रॅक्टरचा विमा फक्त शेतीकामासाठी होता आणि ट्रॉली वीटभट्टीच्या मातीच्या कामाला लावली होती. तिच्यावरचा मजूर जखमी झाला. कंपनीची जबाबदारी नाही, असं न्यायालयानं ठरवलं. मजूर गरीब म्हणून त्याला आधी कंपनीनं पैसे द्यायचे आणि मग ते मालकाकडून वसूल करायचे, असा आदेश झाला. मजुराला न्याय मिळाला, भार मालकावर आला.

म्हणून पॉलिसी हातात घेऊन तीन गोष्टी बघा.

पहिली, ट्रॅक्टरच्या नंबराखाली ट्रॉलीचा नंबर वेगळा छापलाय का. दोन ट्रॉल्या असतील तर दोन्ही हवेत. ट्रॉलीसाठी प्रीमियमही वेगळा लागतो. तो भरलेला दिसत नसेल तर 'त्यात आलंय' या एजंटच्या तोंडी बोलण्याला अर्थ नाही. ट्रॉलीची आरटीओत नोंदणीच नसेल तर सुरुवात तिथून करावी लागेल.

दुसरी, 'वापराच्या मर्यादा' हे कलम. स्वतःच्या शेतीचं काम आणि भाड्यानं वाहतूक या कायद्यानं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याचा ऊस, मुरूम, विटा ओढायच्या असतील तर तसं सांगूनच विमा घ्या.

तिसरी, ट्रॉलीवर बसणारी माणसं. मालवाहू गाडीत असंच बसलेल्या प्रवाशाची सक्तीची जबाबदारी कंपनीवर नाही, हे 2002 पासून पक्कं झालंय. भरणी-उतरणीच्या मजुरांसाठी जादा प्रीमियमची सोय असते, ती विचारून घ्या. आणि वरातीला, जत्रेला ट्रॉलीत माणसं भरू नका.

ज्याच्या अंगावर रात्री आपली ट्रॉली जाते, तोही बहुतेक वेळा आपल्यासारखाच कुणीतरी असतो, मोटारसायकलवरून घरी निघालेला. त्याच्या घरच्यांना भरपाई मिळावी आणि आपली जमीनही राहावी, दोन्ही एकाच कागदानं होतं. मोळी टाकायच्या आधी मागं रिफ्लेक्टर लावा आणि तो कागद पुरा करून घ्या.