चिखलातलं जहाज आणि गुरुवारची मंडळी

पाण्याची भीती मला कधीच नव्हती. माहेर मालवणचं. पाठीला भोपळा बांधून विहिरीत ढकलून द्यायचं, या पद्धतीनं आम्ही सगळी भावंडं पोहायला शिकलो. पण पाण्याच्या आत काय असतं, ते उतरून बघावं असं कधी मनात आलं नाही. समुद्र किनाऱ्यावरून बघायचा आणि मासे पाटीतून घरी यायचे, एवढाच आमचा संबंध. आज सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास डोळ्यांना काच लावून पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकांची गर्दी असते. माझ्या लहानपणी असं कुणी केलं असतं, तर गावानं त्याला वेड्यात काढलं असतं.

२००५ साली यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट्समथला राहायला गेलो. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. शाळेत अठरा वर्षं इतिहास शिकवलेला. पण तिथं मला ‘बाई’ म्हणून हाक मारणारं कुणी नव्हतं. लेक पुण्याला वसतिगृहात. यजमान सकाळी जात ते अंधार पडल्यावर येत. नोव्हेंबरात तिथं अंधार चारलाच पडतो, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

जवळच्या तरणतलावावर मी पोहायला जाऊ लागले. तिथल्या फळ्यावर हातानं लिहिलेला एक कागद होता. पाण्याखाली पोहायला शिकायचं असेल तर गुरुवारी रात्री आठ वाजता या, असा मजकूर. गेले. वाटलं होतं, तरुण पोरं असतील. निघाले कोण? एक नर्स, दोन गवंडी, शाळेतला एक शिपाई, बँकेतल्या एक बाई आणि शिकवायला एक निवृत्त पोस्टमन. फी किती, असं मी विचारलं, तर म्हणाले, वर्षाची वर्गणी भर. शिकवण्याचे पैसे इथं कुणी घेत नाही. मीही असाच शिकलो, उद्या तू कुणाला तरी शिकव. मनातल्या मनात मी त्यांना पोस्टमनकाका म्हणू लागले.

हा ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लबच्या शेकडो शाखांपैकी एका शाखेचा गुरुवार होता. क्लबचा इतिहास ऐकला आणि माझ्यातली बाई जागी झाली.

गोष्ट सुरू होते दुसऱ्या महायुद्धात. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक-इव्ह कुस्तो हा नौदल अधिकारी आणि एमिल गान्यां हा अभियंता या दोघांनी ‘अ‍ॅक्वालंग’ तयार केलं. युद्धात पेट्रोलची टंचाई होती, म्हणून मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्यांनं एक झडप बनवली होती. तीच कल्पना त्यांनी पाण्याखाली नेली. आपण श्वास ओढला की झडप उघडते, आणि भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब तेवढ्याच दाबाची हवा तोंडात येते. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो. म्हणूनच वर येताना श्वास कधी रोखून धरायचा नाही. रोखला, तर आतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. पहिल्या गुरुवारी आम्हाला हेच पाठ करायला लावलं. दुसरा धडा हातांच्या खुणांचा. अंगठा वर केला की आपल्याला वाटतं, ‘झकास’. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’. सवयीनं मी तीनदा अंगठा दाखवला आणि तीनदा जोडीदार मला मुकाट्यानं वर घेऊन आला.

ऑस्कर गुगेन आणि पीटर स्मॉल या दोघांनी १५ ऑक्टोबर १९५३ रोजी लंडनमध्ये हा क्लब स्थापन केला. उपकरणं महाग आणि शिकवणारे मोजके. तेव्हा त्यांनी वाट काढली ती अशी, की गावोगावी शाखा काढायच्या, वर्गणीतून सामान घ्यायचं आणि ज्याला येतं त्यानं दुसऱ्याला शिकवायचं. आपल्याकडच्या पुण्या-मुंबईच्या गिर्यारोहण संस्था आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल. पुढे १९६६ साली अमेरिकेत ‘पाडी’ ही संस्था निघाली आणि पैसे भरून थोड्या दिवसांत शिकायची पद्धत जगभर पसरली. त्यात वाईट काही नाही. पण तिथं तुम्ही गिऱ्हाईक असता. आमच्याकडे पोहून झाल्यावर सामान धुवावं लागे, बोट ढकलावी लागे आणि थर्मासमधला चहा सगळ्यांना पुरवावा लागे. चहाचं खातं माझ्याकडे आलं, हे सांगायला नको.

स्मॉल पेशानं पत्रकार. ३ डिसेंबर १९६२ रोजी कॅलिफोर्नियाजवळ हानेस केलर या स्विस पाणबुड्याबरोबर ते हजार फूट खोल गेले. केलर वाचला, पण स्मॉल वर येताना कोठीतच गेले. मदतीला उतरलेला एक तरुण ब्रिटिश पाणबुड्याही परत आला नाही. क्लब तेव्हा अवघा नऊ वर्षांचा होता. क्लब दरवर्षी अपघातांचा अहवाल छापतो. त्यात माणसांची नावं नसतात. काय चुकलं एवढंच असतं. पोस्टमनकाका तो अहवाल आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवत. सुरुवातीला मला ते अभद्र वाटायचं.

लेस्टरशरमधल्या स्टोनी कोव्ह या पाण्यानं भरलेल्या जुन्या दगडखाणीत एप्रिलमध्ये आमची परीक्षा होती. पाणी हाडं गोठवणारं. सहा मीटरवर माझ्या काचेत पाणी शिरलं. नाकात पाणी गेलं आणि मालवणची पोहणारी मी धडपडत वर निघाले, तेही श्वास रोखून. काकांनी माझा पट्टा धरला. ओढलं नाही, नुसता धरून ठेवला, आणि दुसरा हात माझ्या छातीसमोर हळूहळू पुढे-मागे करत राहिले. श्वास घे, सोड. किती वेळ गेला कोण जाणे. मग मी श्वास सोडला आणि बुडबुडे वर गेलेले ऐकले. काठावर आल्यावर ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की पुढच्या अहवालात एक ओळ कमी झाली.

परतताना गाडीत त्यांनी मला ‘मेरी रोझ’बद्दल सांगितलं.

१९ जुलै १५४५ रोजी फ्रेंच आरमाराशी लढताना आठव्या हेन्रीचं हे लाडकं जहाज पोर्ट्समथसमोरच्या सोलेंट सामुद्रधुनीत बुडालं. राजा साउथसीच्या किल्ल्यावरून बघत होता. सुमारे पाचशे माणसं होती, वाचली अगदी थोडी. १८३६ साली कोळ्यांची जाळी कशात तरी अडकली, तेव्हा शिरस्त्राण घालून उतरणाऱ्या डीन बंधूंना जहाजाचा माग लागला. त्यांनी तोफा वर काढल्या. मग जहाज पुन्हा विसरलं गेलं.

१९६५ साली अलेक्झांडर मॅकी या लेखकानं ते शोधायचं ठरवलं. त्याच्याजवळ ना विद्यापीठ, ना सरकारी पैसा. होती ती क्लबच्या साउथसी शाखेची मंडळी. नोकरी-धंदा सांभाळून ती शनिवार-रविवारी गढूळ पाण्यात उतरत. १९६६ साली नौदलाच्या नकाशा विभागात १८४१चा एक नकाशा सापडला. त्यावर जागेची खूण होती. पुढच्या वर्षी ध्वनिलहरींच्या यंत्रानं चिखलाखाली काहीतरी असल्याचं दाखवलं. १९६८ साली या हौशी मंडळींनी वर्षाला एक पौंड भाड्यानं समुद्राचा तळ सरकारकडून घेतला! तरी जहाज दिसेना. ५ मे १९७१ रोजी पर्सी अ‍ॅकलंड या पाणबुड्याला तळाशी लाकडाच्या फासळ्या उघड्या पडलेल्या दिसल्या. सहा वर्षं गेली होती.

उत्खननाची धुरा पुढे मार्गारेट रूल यांच्याकडे आली. त्या पुरातत्त्वज्ञ, पण पाण्यात न उतरलेल्या. दुसऱ्यांनी सांगितलेलं किती दिवस ऐकायचं, म्हणून चाळिशी ओलांडल्यावर त्या डुबकी मारायला शिकल्या. हे ऐकलं आणि स्टोनी कोव्हला परत जायचं मी त्याच गाडीत ठरवलं.

१९७९ ते १९८२ या काळात पाचशेहून अधिक स्वयंसेवक त्या कामावर उतरले. सत्तावीस हजारांवर डुबक्या झाल्या. हातभर अंतरावरचंही धड दिसेना, अशा पाण्यात चिखल शोषून काढायचा आणि प्रत्येक वस्तूची जागा टिपायची. लाकडी धनुष्यं निघाली, बाण निघाले, कुत्र्याचा सांगाडा निघाला आणि उवा काढायच्या फण्याही. तशीच फणी माझ्या आजीच्या फडताळात होती. (साधारण याच काळात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. एस. आर. राव यांनी आपल्याकडच्या सागरी पुरातत्त्वाचा पाया घातला; ते काम मात्र पगारी शास्त्रज्ञांचं.) ११ ऑक्टोबर १९८२ रोजी जहाजाचा उरलेला सांगाडा पाण्यावर आला.

काकांनी १९८१ सालची सगळी रजा तिथं घालवली होती. तुम्हाला काय सापडलं, असं मी विचारलं. म्हणाले, चिखल. आणि एक दिवस बोटांना चामडं लागलं. एका पायातला जोडा. तो त्यांनी दोन्ही हातांत धरून वर पाठवला आणि परत खाली गेले.

आम्ही २०११ साली भारतात परतलो. तोवर मी सहा जणांना तलावावर शिकवलं होतं. २०१४ साली पुन्हा पोर्ट्समथला जाणं झालं, तेव्हा आदल्या वर्षी उघडलेलं नवं संग्रहालय काकांबरोबर पाहिलं. काचेआड जोडे मांडले होते. काका बराच वेळ वाकून बघत राहिले.

“यातला कुठला तुमचा?” मी विचारलं.

“सांगता येणार नाही,” ते म्हणाले, “मी पाहिला तेव्हा तो चिखलानं भरलेला होता.”

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. गुरुवार होता आणि आठला तलावावर पोचायचं होतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)