गळाने मासेमारी : पाणी आणि माशाच्या खाद्यानुसार आमिषाची निवड

शेततळ्यात मत्स्यबीज सोडल्यावर सहा-सात महिन्यांनी बहुतेक शेतकरी एकच प्रश्न विचारतात : चार-पाच मासे काढायचे तर जाळे कशाला, गळ टाकून चालेल का? चालेल, पण कोणत्या माशाला कोणते आमिष आणि किती खोलीवर हे माहीत हवे. मोबाईलवर दिसणारी परदेशी चमकती आमिषे आपल्या रोहू-कटल्याला उपयोगी पडत नाहीत. त्याचे कारण समजले, तर वायफळ खर्च टळतो.

समुद्रातील सामन आणि आपले मासे

अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यात सामन पकडताना चालत्या होडीमागे दोरी सोडतात. तिला हेरिंग मासा किंवा चकाकणारा धातूचा चमचा लावलेला असतो. सामन लहान माशांचा पाठलाग करून खातो, म्हणून पळणारी, चमकणारी वस्तू त्याला भक्ष्य वाटते. मासा ज्या खोलीवर असेल, तिथे आमिष राहावे म्हणून जड वजन वापरतात. नॉर्वेत नदीत चढणाऱ्या सामनसाठी पिसांची कृत्रिम माशी वापरण्याची जुनी पद्धत आहे.

आपल्या कोकण किनाऱ्यावरील रावसाला बाजारात ‘इंडियन सामन’ म्हणतात, पण तो सामनच्या कुळातला नाही. रावस कोळंबी आणि लहान मासे खातो, त्यामुळे गळाला जिवंत कोळंबी लावतात.

प्रदेश वेगळे असले तरी नियम एकच आहे : मासा जे खातो, तेच आमिष, आणि जिथे खातो, त्याच खोलीवर. मंद्रूपच्या पाण्यालाही हाच नियम लागू करावा.

मंद्रूप परिसरातील पाणी

मंद्रूपच्या उत्तरेला वडकबाळजवळून सीना वाहते, दक्षिणेला टाकळीकडे भीमा. पुढे हत्तरसंग कुडल येथे दोन्हींचा संगम होतो. बंधाऱ्यांत अडलेले पाणी, गावतलाव आणि शेततळी ही मासेमारीची ठिकाणे. भीमेचे पाणी उजनी धरणातून सुटते. आपल्याकडे ढग नसतानाही पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरील पावसाने नदी चढू शकते. पावसाळ्यात उजनीच्या विसर्गाची माहिती घेतल्याशिवाय नदीपात्रात बसू नये.

माशानुसार आमिष आणि खोली

- कटला : तोंड वर वळलेले, खाद्य वरच्या थरात. भाजलेल्या शेंगदाणा पेंडीची पूड आणि भाताचा कोंडा कोमट पाण्यात मळून सैल गोळा करावा. तरंगा लावून आमिष पृष्ठभागापासून एक-दोन फुटांवर ठेवावे.
- रोहू : मधल्या थरात खातो. कणीक, पेंड आणि थोडा गूळ यांचा घट्ट, लहान गोळा वापरावा. ओढ हलकी असते, त्यामुळे तरंगा लहान ठेवावा.
- मृगळ आणि सायप्रिनस : तळाशी खातात. गांडूळ किंवा कणकेचा गोळा शिशाच्या वजनाने तळाला टेकवावा.
- गवत्या : लसूण घास किंवा कोवळ्या गवताचे पान गळाला लावावे.
- चंदेरा : पाण्यातील सूक्ष्म वनस्पती गाळून खातो, त्यामुळे गळाला क्वचितच येतो. त्यासाठी जाळेच लागते.
- चिलापी : लहान गळ आणि गांडूळ पुरेसे. तळ्यात नको असताना शिरलेली चिलापी कमी करण्यासाठी गळ उपयोगी आहे.
- मरळ आणि शिवडा : हे शिकारी मासे. सामनसारखी चमकती किंवा बेडकाच्या आकाराची कृत्रिम आमिषे यांच्यासाठीच खरेदी करावीत. मरळ काठावरच्या पाणवनस्पतींत दबा धरतो.
- वाम : तळाच्या दगड-चिखलात राहते आणि रात्री फिरते. गांडूळ लावून तळाशी गळ सोडावा.

डिसेंबर-जानेवारीत पाणी गार असल्याने कार्प मासे ऊन चढल्यावर आमिष घेतात. एप्रिल-मेमध्ये पहाट आणि सायंकाळ योग्य.

शेततळ्यात गळ वापरताना

१. गळाचा उलटा काटा पकडीने चेपून घ्यावा. लहान मासा इजा न होता सोडता येतो आणि प्लॅस्टिकमध्ये गळ अडकला तरी कागद फाडावा लागत नाही.

२. तळाशी टेकणारा गळ अस्तराच्या तळ्यात शक्यतो टाळावा. मृगळासाठी आमिष तळापासून वीतभर वर ठेवावे. अडकलेली दोरी झटका देऊन ओढू नये. कागदाला पडलेले एक छिद्र उन्हाळ्यातील पाणी घालवते, आणि ते पाणी द्राक्ष-डाळिंबाचे आहे.

३. मासे जमवण्यासाठी टाकलेली पेंड मूठ-दोन मुठीपेक्षा जास्त नको. उरलेली पेंड कुजते आणि पाण्यातील प्राणवायू कमी होतो.

४. ढगाळ हवेत पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील, तर ती भूक नसून प्राणवायूची कमतरता आहे. गळ टाकू नका, खाद्य बंद करा आणि पंपाने पाणी उंचावरून तळ्यात सोडा.

५. अस्तराचा कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही, पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही. काठाला गाठी मारलेला दोर कायम बांधून ठेवा, फुगवलेली ट्यूब हाताशी ठेवा, एकट्याने जाऊ नका आणि मुलांना पाठवू नका. माशापेक्षा माणूस मोलाचा.

गळाला आलेल्या माशांवरून वजनाचा अंदाज बांधू नका

ही चूक सर्वांत महाग पडते. गळाला बहुधा धीट आणि मोठे मासे आधी येतात. समजा, तळ्यात १,००० मासे आहेत आणि त्यांचे खरे सरासरी वजन ४०० ग्रॅम आहे. एकूण वजन ४०० किलो. २ टक्के दराने रोजचे खाद्य ८ किलो. गळाला आलेल्या पाच माशांची सरासरी ६०० ग्रॅम निघाली आणि तुम्ही तीच धरली, तर रोज १२ किलो खाद्य टाकाल. ४ किलो दररोज वाया जाईल, म्हणजे महिन्याला १२० किलो. शिवाय पाणी बिघडेल ते वेगळेच.

वाढ तपासण्यासाठी महिन्यातून एकदा फेकजाळे टाकावे, तळ्याच्या दोन-तीन बाजूंनी २० ते ३० मासे काढून एकत्र वजन करावे आणि लगेच सोडावेत. अस्तराच्या तळ्यात जाळ्याच्या शिशाच्या कडा घासणाऱ्या नसाव्यात. विक्रीसाठी संपूर्ण काढणी करताना ओढजाळेच वापरावे. उन्हाळ्यात पिकाला पाणी देऊन तळे आटत जाते, म्हणून पाणी फार खाली जाण्यापूर्वी काढणीचा दिवस ठरवावा. मासे दूर न्यायचे असल्यास माशांच्या वजनाइतका बर्फ ठेवावा.

नदी आणि तलावात पाळावयाचे नियम

- अनेक तलाव व जलाशयांत मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेला असतो. तिथे संस्थेची परवानगी घ्यावी.
- रोहू, कटला, मृगळ पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. जून ते ऑगस्ट दरम्यान पोट फुगलेली मादी गळाला आल्यास ओल्या हाताने सोडवून पाण्यात सोडावी.
- स्फोटके किंवा विष वापरून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. मोटारीची वायर पाण्यात सोडून मासे मारण्याचा प्रकार जिवावर बेततो. पाण्यात उतरलेला माणूस आधी जातो.
- आमिष म्हणून जिवंत मांगूर वापरू नये. आफ्रिकन मांगूर पाळण्यास देशात बंदी आहे आणि तो नदीत सुटला तर स्थानिक मासे खातो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतकऱ्याने ‘मासे गळाला लागत नाहीत’ म्हटले, तर आमिष बदलण्याचा सल्ला देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : कोणत्या जातीचे बीज सोडले, आमिष किती खोलीवर आहे आणि मासे पहाटे वर येतात का. पहिल्या दोन उत्तरांवरून आमिष ठरते. तिसऱ्याचे उत्तर ‘हो’ आले, तर गळ बाजूला ठेवून आधी पाणी तपासायला सांगावे. बीज, जाळी आणि योजनांच्या माहितीसाठी सोलापूर येथील मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात चौकशी करावी.