लांब नाकाची कुळकथा

शिडाच्या जुन्या, देखण्या यॉटचं चित्र काढायला सांगितलं, तर कुणीही नाळ पाण्यावर लांबवर झुकलेली काढेल आणि मागचं टोकही तसंच निमुळतं, पाण्यापासून उचललेलं. या घडणीला आज 'क्लासिक' म्हणतात. जन्म मात्र तिचा शर्यतीच्या नियमांना दिलेल्या बगलेतून झाला.

अशा नावेचा कमाल वेग तिच्या पाण्यातल्या लांबीच्या वर्गमुळाबरोबर वाढतो. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत शर्यतीपूर्वी नाव शांत उभी असताना पाणरेषेची लांबी मोजत आणि त्यावरून गट ठरवत. ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टल गावच्या नॅथॅनिएल हेरशॉफनं यातली फट हेरली. वाऱ्यानं नाव कलली की अधांतरी असलेली टोकं पाण्यात उतरतात आणि पाणरेषा लांबते. मोजणारा तेव्हा किनाऱ्यावर असतो! 1891 साली त्याची 'ग्लोरियाना' आली. एकूण लांबी 70 फूट, पाण्यात मात्र 45च्या आसपास. त्या मोसमात ती आठ शर्यतींत उतरली आणि आठही जिंकली.

मग हे नाक वाढतच गेलं. 1903ची 'रिलायन्स' जवळपास 144 फुटांची, पाणरेषा नव्वदीच्या आत आणि शिडं 16,000 चौरस फुटांहून जास्त. तिनं टॉमस लिप्टनच्या (होय, चहावाला लिप्टन) 'शॅमरॉक तिसरी'ला हरवून अमेरिकाज कप हा यॉट शर्यतीतला मानाचा चषक राखला. दहा वर्षांत ती भंगारात गेली. तिच्याकडून त्यापलीकडे कुणाची अपेक्षाही नव्हती.

अशा अजस्र पण नाजूक नावांना आळा घालायला त्याच सुमारास न्यूयॉर्क यॉट क्लबनं नवा नियम आणला आणि त्याचं सूत्र दिलं हेरशॉफनंच. पळवाट शोधणाऱ्यालाच कुंपण घालायला बसवलं. या सूत्रात लांबी आणि शिडाचं क्षेत्रफळ वाढलं की नावेचं गुणांकन वाढे, वजन वाढलं की ते उतरे. शर्यतीतला गट या गुणांकनावर ठरे, म्हणून आता जड असणंच फायद्याचं ठरलं. 1913च्या 'न्यूयॉर्क फिफ्टी' या हेरशॉफच्याच नावा पाण्यात 50 फूट, एकूण 72 फूट आणि चांगल्या भरीव. 1930च्या दशकातल्या जे-क्लास नावा याच नियमाखालच्या, दीडशे टनांच्या घरातल्या. म्हणजे क्लासिक यॉटचं नाक एका नियमानं दिलं आणि अंग दुसऱ्यानं.

वजनाला आणखी एक कारण होतं, ते सुतारकामातलं. फळ्या एकेक करून फासळ्यांवर ठोकायच्या, फटींत कापूस ठासायचा. लाटांच्या माऱ्यात हे सांधे हलू नयेत म्हणून फळ्याही जाड आणि फासळ्याही दाट. हे गणित बदललं मिशिगनमधल्या बे सिटीच्या गूजन बंधूंनी. बर्फावर शिडानं धावणाऱ्या होड्या बनवणारी ही मंडळी. 1969च्या सुमारास त्यांनी लाकूड इपॉक्सी या कृत्रिम राळेत मुरवून चिकटवायची पद्धत बसवली. पातळ पट्ट्यांचे थर एकमेकांवर तिरपे चढवायचे आणि इपॉक्सीनं एकजीव करायचे. भट्टी नको, खिळे जवळपास नकोतच. तयार होतं ते फटी नसलेलं एकसंध कवच. त्याला फासळ्या कमी लागतात आणि ओल आत शिरत नाही. वाचलेलं वजन शिशाच्या रूपानं तळाशी घातलं की नाव जास्त शिडं पेलते.

जुनं रूप आणि या नव्या पद्धतीचं हलकं अंग यांच्या मेळाचा मला सर्वांत आवडता नमुना म्हणजे मेन राज्यातली डब्ल्यू-76. रचनाकार जोएल व्हाइट, 'शार्लट्स वेब' लिहिणाऱ्या ई. बी. व्हाइट यांचा मुलगा. 'न्यूयॉर्क फिफ्टी' डोळ्यांसमोर ठेवून आजारपणात त्यानं ही 76 फुटी नाव रेखाटली आणि डिसेंबर 1997मध्ये तो गेला. 1998 साली 'वाइल्ड हॉर्सेस' ब्रुकलिन गावातल्या त्याच्याच कारखान्यातून आणि 'व्हाइट विंग्ज' रॉकपोर्टच्या कारखान्यातून पाण्यात उतरली. पाण्यावर बघाल तर 1913 साल. पाण्याखाली मात्र तळाच्या कण्याऐवजी खोल, आखूड पातं आणि त्यापासून सुटं सुकाणू, शेजारच्या धक्क्यावरच्या आधुनिक नावेसारखं.

अशा नावांचा आता स्वतंत्र गट आहे, 'स्पिरिट ऑफ ट्रॅडिशन' नावाचा. अँटिग्वाच्या क्लासिक शर्यतींत तो धावतो. काहींनी लाकूडही सोडलं: फिनलंडच्या बाल्टिक यॉट्सनं 2011 साली बांधलेली 'हेटायरोस' वरून जुन्या वळणाची, आतून कार्बन फायबरची.

वजन गेलं, पण नाक राहिलं. शर्यतीसाठीच बांधलेल्या आजच्या नावांची नाळ सरळ उभी असते, कारण पाणरेषा एकूण लांबीइतकी करण्यात आता तोटा नाही. क्लासिक वळणाच्या मालकाला ते दहा-वीस फूट केवळ डोळ्यांसाठी मिळतात. मरिना मात्र मुक्कामाचं भाडं टोकापासून टोकापर्यंत मोजून घेतात.