खुंटीवरचा कप

बार आणि परमिट रूमविषयी मी बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. मी पीत नाही. आमच्या घरात कधी कुणी प्यालेलं नाही. तरीही ५ ऑक्टोबर २०२० हा दिवस माझ्या पक्का लक्षात आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ बंद असलेली महाराष्ट्रातली हॉटेलं आणि बार त्या दिवशी उघडले. निम्म्याच खुर्च्या भरायच्या, दारात ताप मोजायचा, तोंडाला मास्क लावायचा, अशा अटी होत्या. नांदेडात मी माझ्या नेहमीच्या चहाच्या हॉटेलात गेलो. मालकाने लांबूनच हात जोडले. म्हणाला, "या भाई, बसा. पण जरा लांब बसा."

त्या वाक्यात स्वागत होतं आणि अंतरही होतं. या दोहोंचा आपल्या भागातला इतिहास जुना आहे.

नांदेड, लातूर हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. शिंदी आणि दारूवरची आबकारी हा तिथल्या तिजोरीचा मोठा आधार. शेजारच्या मुंबई राज्यात १९५० साली संपूर्ण दारूबंदी आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि १९५९च्या कायद्याने ती बंदी आपल्याही उंबऱ्यात आली. साठच्या दशकात ती सैल होत गेली. पुढे १९७३च्या नियमांनुसार देशी दारूची दुकानं परवान्यावर चालू लागली. बारच्या पाटीवरचा 'परमिट रूम' हा शब्द त्या बंदीचीच खूण आहे. कागदोपत्री पिणाऱ्याला आजही परवाना लागतो, हे पिणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

मग २०१७ साल आलं. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांमुळे होणारे अपघात टळावेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ एप्रिलपासून महामार्गालगतची दारूविक्री थांबली. जुलैत शहरांच्या हद्दीतल्या परवानाधारकांना मोकळीक मिळाली. आणि २०२० मध्ये करोना आला. १८९७ साली प्लेगसाठी केलेला साथरोग कायदा सरकारने पुन्हा बाहेर काढला. राज्यात बाटली विकायची मुभा मे महिन्यातच मिळाली, हॉटेलात बसून कपभर चहा प्यायला मात्र ऑक्टोबर उजाडला. तिजोरीला कशाची घाई असते, हे निजामाच्या काळापासून फारसं बदललेलं नाही.

पण दार उघडलं म्हणजे स्वागत झालं, असं नसतं. माझं आजोळ लातूरकडचं. सत्तरच्या दशकात, सुट्टीत तिथे गेलो की मामा मला गावातल्या हॉटेलात न्यायचे. हॉटेल म्हणजे काय, पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी आणि एक भट्टी. बाहेर वळचणीला खुंट्यांवर दोन-तीन कप टांगलेले असत. दलित वस्तीतला माणूस आला की त्याने तो कप काढायचा, चहा वरून ओतला जायचा, उकिडवं बसून प्यायचा आणि कप स्वतः विसळून परत खुंटीला लावायचा. त्याचे पैसे मात्र आतल्या गल्ल्यातच पडत. मी आत बाकड्यावर बसून भजी खायचो. तो माणूस आत का येत नाही, हे मी मामांना कधी विचारलं नाही. ती टोचणी अजून गेलेली नाही.

खरं तर तेव्हा कायदा होऊन बराच काळ लोटला होता. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. जात, धर्म यांवरून तिथे कुणाला अडवता येणार नाही, असं ते कलम सांगतं. १९५५च्या अस्पृश्यता कायद्याने असं अडवणं गुन्हा ठरलं. तरीही खुंटीवरचा कप खुंटीवरच होता.

२०२० सालच्या एप्रिलमध्ये तोच कप मला पुन्हा दिसला. नांदेडच्या गुरुद्वारात अडकलेले हजारो शीख यात्रेकरू पंजाबात परतले. त्यांच्यातल्या अनेकांना लागण झाल्याचं निघालं आणि त्यांच्याकडे बोटं रोखली गेली. तबलीगी जमातच्या निमित्ताने माझ्या समाजाकडे तर आधीपासूनच रोखलेली होती. भाजीवाल्याचं नाव विचारून भाजी घेतली जात होती. पुढे २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचं मत नोंदवलं. पण निकाल वाचणारे थोडे असतात.

म्हणून ऑक्टोबरातल्या त्या सकाळी "लांब बसा" ऐकताच मी क्षणभर चरकलो. मग आजूबाजूला पाहिलं. सगळेच लांब बसले होते. वकील, हमाल, मास्तर, मी, प्रत्येकाच्या हातात सारखाच कागदी कप. मालक स्वतःही गल्ल्यामागे मास्क लावून होता. जन्मावरून ठेवलेलं अंतर आणि जीव जपण्यासाठी ठेवलेलं अंतर यांतला फरक मला त्या कपाने शिकवला. जे अंतर सगळ्यांना सारखं असतं, त्यात अपमान नसतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. गिऱ्हाईक तासभर बसून जातं, टेबल पुसणारा पोरगा दिवसभर तिथेच असतो. २०२१च्या उन्हाळ्यात पुन्हा टाळेबंदी झाली. नांदेड जिल्ह्यात तर ती मार्चअखेरीसच आली होती. त्या ऑगस्टात हॉटेलं आणि बार रात्री दहापर्यंत उघडे ठेवायची परवानगी मिळाली, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या लशीच्या दोन्ही मात्रा झालेल्या असाव्यात, अशी अट घातली गेली. गिऱ्हाइकाची सुरक्षितता वाढप्याच्या जिवापासून सुरू होते, हे तेव्हा आदेशात लिहिलं गेलं.

साथ ओसरली, कागदी कप गेले. आता त्याच हॉटेलात काचेच्या ग्लासात चहा येतो. तो विसळणाऱ्या पोराने सकाळपासून काही खाल्लंय का, एवढं मी हल्ली बसण्याआधी विचारतो. लहानपणी राहून गेलेला प्रश्न असा उशिरा विचारतो आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)